उलटे चिकटवलेले पान

मी एक जुना चिमटा आहे. मित्रांनो, निखारे उचलणारा माझा थोरला भाऊ तुम्ही पाहिला असेल. मी त्याच्यापेक्षा किडकिडीत, बोटभर लांबीचा. ज्या कारागिराने मला घडवले त्याने माझी दोन्ही टोके कानशीने घासली, स्वतःच्या मिशीतून गळलेला केस माझ्या चिमटीत धरून उचलून पाहिला आणि मगच मला डबीत ठेवले.

माझे आयुष्य एका वनस्पती संग्रहालयात गेले. तिथे वाळवलेल्या फांद्या जाड कागदावर चिकटवून कपाटांत जपतात. पाने न मोडता उचलणे हे माझे काम. तिथल्या प्रमुख बाई म्हणत, "हा हरवला तर माझा हातच गेला." पुढे कुणीतरी माझ्या टोकांनी डिंकाच्या बाटलीचे झाकण उचकटले. एक टोक वाकले आणि मी खणात पडलो. पाच वर्षे मला कुणी विचारले नाही.

मग एक मुलगी आली. आठ दिवस काम पाहून ठेवायचे की नाही ते ठरवू, अशी बोली होती.

"आधी काय करायचीस?" बाईंनी विचारले.

"गोदामात होते. त्याआधी औषधांच्या दुकानात. दोन्हीकडून काढलं. माझे आकडे उलटसुलट होतात. आई म्हणते, इथून तरी हात हलवत येऊ नकोस."

"इथे आकडा एकच, कागदाच्या कोपऱ्यातला. तो मी घालीन. तू पानं बघ."

तिने खण आवरताना मला शोधले. बारीक पॉलिश कागदावर घासून माझा गंज काढला. वाकलेले टोक बरेचसे सरळ केले, तरी किंचित बाक उरलाच.

सातव्या दिवशी तिच्यापुढे जुन्या कागदांचा एक फोल्डर आला. सगळ्यांवर एकाच झाडाचे नाव, बाईंच्या अक्षरात. एका कागदावर एका पानाचे टोक वाळताना दुमडले होते. माझे वाकडे टोक त्याखाली अलगद शिरले. पानाच्या खालच्या बाजूला चांदण्यांच्या आकाराची बारीक तपकिरी लव होती. दुसऱ्या कागदावरचे एक सुटलेले पान तिने उलटले. ते खालून गुळगुळीत होते.

बाईंचीच चूक दाखवायची, तीही निकालाच्या आदल्या दिवशी. क्षणभर तिची पकड सैल झाली. मग तिने मला घट्ट धरले.

"बाई, माझं चुकत असेल. पण ही दोन झाडं वेगळी आहेत."

"वीस वर्षं एकत्र नांदली आणि आता वेगळी निघणार?" कपाटे पुसणारे शिपाईकाका हसले.

बाई बराच वेळ भिंगातून पाहत राहिल्या. "चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "नीटनेटकं दिसावं म्हणून सगळी पानं सुलटीच चिकटवली मी. खालची बाजू बघायची सोयच ठेवली नाही."

"मग उद्या मी येऊ ना?"

"उद्या काय, आता रोजच ये. आणि आईला सांग, हात हलवत यायला तुला सवडच मिळणार नाही."

तेव्हापासून इथे प्रत्येक कागदावर एक पान मुद्दाम उलटे चिकटवतात. ते काम त्या मुलीचे आणि माझे.

मित्रांनो, हत्यारे वापरून झाली की पुसून ठेवा, त्यांनी झाकणे उघडू नका. आणि एका कामात कुणी कमी पडले, तर त्याला लगेच खणात टाकू नका. एकदा दुसऱ्या बाजूनेही पाहा. माझे टोक अजून थोडे वाकडेच आहे. ती म्हणते, "राहू दे तसंच. दुमडलेल्या पानाखाली तेच जातं."