मर्टी लाऊनीला खांदा

गोबनेटने डोक्याचा रुमाल सोडला आणि शवपेटीच्या झाकणावर साचलेलं पाणी पुसलं. पुसून होतंय तोवर पुन्हा साचलं. पेटी पुलाच्या ऐन मध्यावर, घरून आणलेल्या दोन खुर्च्यांवर ठेवलेली होती. आत तिचा नवरा मर्टी लाऊनी होता, आणि पेटीच्या दोन टोकांना उभे राहून दोन अधिकारी एका शब्दावरून भांडत होते.

"दोन सैन्यांमधला युद्धविराम," फिनबार म्हणाला. "तोंडाने एवढं म्हणा. मग पेटी उचला."

"मला तसा हुकूम नाही, कॅप्टन. मी याला दफनाची सवलत म्हणू शकतो."

"सवलत? आमच्या नदीवर, आमच्या पुलावर, आम्हाला सवलत?"

फिनबार टेकडीवरच्या आयरिश तुकडीचा कॅप्टन होता आणि गोबनेटचा एकुलता एक मुलगा. समोरचा इंग्रज, लेफ्टनंट हॅस्लम, त्याच्याच वयाचा असेल. दोघांचीही नाकं थंडीने लाल झाली होती आणि दोघांपैकी एकही ती पुसायला तयार नव्हता.

दोन वर्षांपूर्वी कराराने सोडलेलं बंदर इंग्रजांनी गेल्या शरदात एका पहाटे परत घेतलं. जर्मन पाणबुड्यांशी लढायचं तर हे बंदर हवंच, असं लंडनचं म्हणणं. आम्ही कुणाच्याच भांडणात नाही, आमचं बंदर सोडा, असं डब्लिनचं म्हणणं. म्हणता म्हणता तोफा आल्या. हटत आणि रेटत दोन्ही सैन्यं या नदीपाशी येऊन थांबली, आणि गावाचे दोन तुकडे झाले. टेकडी, शेतं आणि गोबनेटचं घर इकडे राहिलं. चर्च, दुकानं आणि कबरस्तान तिकडे. मर्टीला तिकडेच जायचं होतं. सहा वर्षांची असताना गेलेली त्यांची मुलगी ब्रीद तिकडे होती, आणि तिच्या शेजारची जागा त्याने तेव्हाच स्वतःसाठी मागून ठेवली होती.

"फिनबार, तुझा बाप भिजतोय," गोबनेट म्हणाली.

"मेलेल्याला कसला पाऊस, आई."

"मग मी भिजतेय असं समज."

हॅस्लमने घसा खाकरला. "मिसेस लाऊनी, मला खरंच वाईट वाटतं. मी तर म्हणतोय, आत्ता न्या."

"नेणार कोण?" तिने विचारलं.

ही दुसरी पंचाईत. पेटी इथवर आणली ती फिनबारच्या सहा जवानांनी, आणि पुलावर ओढलेल्या पांढऱ्या रेघेपाशी त्यांना थांबावं लागलं होतं. पलीकडून खांदे द्यायला गावकरी येणार असं ठरलं होतं. पण तिकडचे धडधाकट पुरुष इंग्रजांनी बंदरातल्या एका जहाजावर डांबून ठेवले होते, म्हणून आले ते चार म्हातारे. त्यांच्यातला कॉनी तर काठी टेकत आला होता. चौघांनी एकदा पेटी उचलून पाहिली, हातभर वर नेली, आणि परत खुर्च्यांवर टेकवली.

"जिवंतपणीही जडच होता," कॉनी धापा टाकत म्हणाला. "पण तेव्हा स्वतःच्या पायांनी यायचा."

"माझी दोन माणसं देतो," हॅस्लम म्हणाला.

"माझ्या बापाच्या पेटीला इंग्रज गणवेश शिवणार नाही," फिनबार म्हणाला.

"तर मग तुम्ही या. गणवेश काढून, हत्यार ठेवून. परत जाऊ देईन, माझा शब्द आहे."

"असाच शब्द डॉक्टरांनाही दिला होता ना?"

गेल्या महिन्यात इकडचा डॉक्टर एका बाळंतिणीसाठी पूल ओलांडून गेला होता, तो अजून त्या जहाजावरच होता. शब्द हॅस्लमने दिला नव्हता, त्याच्या वरच्याने दिला होता. पण तसं बोलणंही हॅस्लमला शोभलं नसतं, आणि फिनबारलाही ते ठाऊक होतं. गणवेशाविना पकडला गेला तर फिनबार युद्धकैदी नव्हे, बंडखोर ठरणार होता. शिवाय मागे टेकडीवरून त्याची सगळी तुकडी बघत होती.

गोबनेटला हे सगळं कळत होतं. कळत होतं म्हणूनच जास्त वैताग येत होता. एकजण जरी निव्वळ मूर्ख असता तर त्याला दोन शब्द सुनावून मोकळी झाली असती. मर्टीचंही असंच. तरुणपणी इंग्रजांच्या आरमारात कोळसा ओढला, मग परत येऊन याच इंग्रजांवर याच रस्त्यावर बंदूक चालवली, आणि म्हातारपणी शेकोटीशी बसून दोन्हीकडच्यांना शिव्या घातल्या. तिने कधी विचारलं की नक्की कोणाच्या बाजूचे तुम्ही, तर म्हणायचा, 'जेवणाच्या.'

इंग्रज शिपायांमधून एक आडदांड माणूस पुढे आला. त्याने पट्टा सोडला, कोटाची बटणं काढली, कोट घडी करून कठड्यावर ठेवला. खाली शर्टावर नुसते पँट पेलणारे गॅलस होते.

"टिल," हॅस्लम म्हणाला, "हे काय चाललंय?"

"गणवेश नको म्हणाले, सर."

"तुला हुकूम कुणी दिला?"

"तुम्ही दोन माणसं देतो म्हणालात. मी खाणीतला माणूस आहे, असल्या पेट्या पुष्कळ उचलल्यात." तो फिनबारकडे वळला. "हा शर्ट माझ्या आईने शिवलाय, कॅप्टन. सरकारी नाही."

या शर्टाविरुद्ध फिनबारकडे नियम नव्हता.

"अजून एक खांदा लागेल," कॉनी म्हणाला. "माझा धरू नका."

गोबनेटने मुलाकडे पाहिलं. फिनबार पेटीकडे बघत होता आणि त्याचा हात कोटाच्या वरच्या बटणापाशी जाऊन तसाच थांबला होता. तिने थोडी वाट पाहिली. मग ओला रुमाल कमरेला खोचला आणि टिलच्या मागे जाऊन उभी राहिली.

"गोबनेट, बायका खांदा देत नाहीत," कॉनी म्हणाला.

"मग तू तिकडे तोंड कर, म्हणजे दिसणार नाही."

"मिसेस लाऊनी," हॅस्लम हलक्या आवाजात म्हणाला, "पलीकडे गेलात तर परत सोडणं माझ्या हातात नाही. वरून विचारणा होईल."

"होऊ दे. त्यांना सांगा, गाईची धार काढायच्या आत मला घरी जायचंय. उचला रे."

पेटी उठली. गोबनेट उंचीने कमी, त्यामुळे मागची बाजू कलली आणि मर्टी लाऊनीचा अर्धा भार तिच्याकडे घसरला. पांढरी रेघ ओलांडेपर्यंत तिला श्वास पुरला. पुढे पायाखालचे दगड दिसेनासे झाले. थांबा म्हणायचं तिच्या ओठांवर आलं, पण ते या सगळ्या पुरुषांच्या देखत म्हणायचं नाही म्हणून तिने दात आवळले.

मागे दगडावर पट्ट्याचं बक्कल वाजलं. धावती पावलं आली, आणि तिच्या खांद्यावरून पेटी वर उचलली गेली.

"सरक, आई," फिनबार म्हणाला.

ती बाजूला झाली. त्याच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर काहीतरी बोलली असती, आणि तो पुन्हा अडून बसला असता. ती पेटीवर हात ठेवून नुसती सोबत चालत राहिली.

पुलाच्या टोकाला पहारेकरी माणसं मोजू लागला. "सर, म्हातारे चार ठरले होते. हा तर..."

हॅस्लमने फिनबारकडे नीट पाहिलं. शर्टातला फिनबार थंडीने कुडकुडत होता.

"म्हाताराच आहे," हॅस्लम म्हणाला. "जाऊ दे."

कबर आधीच खणून ठेवलेली होती. फादरनी पावसामुळे प्रार्थना आटोपती घेतली. फिनबारने आणि टिलने एकेक दोर धरून पेटी सोडली, तेव्हा दोघांनाही एकमेकांना 'हळू' म्हणावं लागलं. ब्रीदच्या कबरीवरचं गवत गोबनेटने हाताने उपटलं, आणि मग जाऊ या म्हणाली.

परत येताना पुलाच्या तोंडाशी हॅस्लम उभा होता. दोघांना अडवा म्हणून बंदरावरून टेलिफोन आला होता, असं त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. त्याने खिशातून पाइप काढला आणि नदीकडे पाठ फिरवून तो पेटवू लागला. त्या पावसात तो पेटणं शक्यच नव्हतं. गोबनेट आणि फिनबार रेघेच्या अलीकडे येईपर्यंत तो काड्या ओढत राहिला.

रेघेपाशी फिनबारने कोट चढवला, बटणं लावली, आणि टेकडीवर निघून गेला.

गाईची धार काढून ती घरात आली, चहा ठेवला, तेवढ्यात टेकडीवरून उखळी तोफ धडाडली. सवलत म्हणा, युद्धविराम म्हणा, जे काही होतं ते संपलं होतं. तिने खिडकीतून पाहिलं. फिनबारचा गोळा काठ गाठायच्या कितीतरी आधीच नदीत पडला आणि पाणी उडालं. थोड्या वेळाने पलीकडून उत्तर आलं. ते गेलं दलदलीत, जिथे बेडकांखेरीज कुणी राहत नव्हतं. पुन्हा एक नदीत. पुन्हा एक दलदलीत.

"एवढी शाळा शिकलेले दोघं," ती पुटपुटली, "आणि नेम एकालाही धरता येत नाही."

तिने पडदा ओढला आणि चहा गाळला.