नावावर करून देण्याचे चाळीस डॉलर

नवरा हार्लन ग्रिम गेल्यावर बंदुकांचं दुकान रोझेलाच्या गळ्यात पडलं आणि पहिल्याच वर्षी तिने सगळ्या गावाचा रोष ओढवून घेतला. हार्लन परक्या ठिकाणाहून मागवलेली बंदूक गिऱ्हाइकाच्या नावावर करून द्यायचे वीस डॉलर घ्यायचा. रोझेलाने चाळीस केले.

पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरातलं ते गाव. हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडला की शाळेलासुद्धा सुट्टी. पण आता रायफल रोझेलाकडून कोण घेतो? लोक रात्री कोचावर लोळत फोनवर भाव बघायचे आणि कुठल्यातरी लांबच्या गोदामातून स्वस्तात मागवायचे. तिकडून बंदूक थेट घरी येत नाही, परवानेवाल्या दुकानातच येते. मग खोकं उतरवून घ्या, नोंद करा, गिऱ्हाइकाकडून कागद भरून घ्या, सरकारकडे त्याची चौकशी करा, तिकडून होकार आला की माल हवाली करा. चूक झाली तर परवाना दुकानाचा जाणार, गोदामाचा नाही.

"चाळीस?" मर्विन हूक काउंटरवर कोपर टेकून म्हणाला. "रोझेला, मी ही रायफल चाळीस डॉलर वाचवायलाच तिकडून मागवली."

"मग हिशेब बरोबर झाला की."

"अगं, दहा मिनिटांचं काम. नुसते कागद."

मर्विन नळदुरुस्तीवाला. मार्चमध्ये तिच्या मोरीचा पाइप तुंबला होता तेव्हा त्याने उंबरठा ओलांडायचेच नव्वद लावले होते.

"तू माझ्याकडे आलास तेव्हा किती मिनिटं लागली होती रे?" तिने विचारलं.

"ते वेगळं. त्यात घाण असते."

"यातही असते. फक्त वास येत नाही."

मर्विनने पैसे मोजले, पण जाताना दार जरा जोरातच लावलं.

ही कुरकुर एल्वुड क्लाइनच्या कानावर गेली. एल्वुड गावचा निवृत्त पोस्टमन. तीस वर्षं लोकांची खोकी वाहिलेल्या माणसाला घरी बसून करमेना. त्याने रीतसर अर्ज करून स्वतःच परवाना काढला आणि गावात सांगून टाकलं : माझ्या स्वयंपाकघरात या, दहा डॉलरमध्ये बंदूक नावावर करून देतो.

रोझेलाला राग दहा डॉलरचा आला नाही. हार्लनबरोबर वीस वर्षं गळ टाकून नदीकाठी बसलेला माणूस, त्याने निदान येऊन सांगायचं तरी. त्यानंतर रस्त्यात एल्वुडने हात हलवला की तिला नेमकं समोरच्या दुकानात काहीतरी बघायचं असायचं.

नोव्हेंबर लागला आणि एल्वुडच्या घराची धर्मशाळा झाली. खोकी जेवणाच्या खोलीत, जिन्यावर, त्याची बायको बर्डी जिथे गोधड्या शिवायची त्या टेबलाखाली. माणसं कामावरून सुटली की यायची, म्हणजे बरोबर जेवायच्या वेळेला. चौकशीचं उत्तर कधी लगेच यायचं, कधी तासभर नाही, आणि कुणाचं 'थांबा' असं आलं की तो माणूस जणू एल्वुडनेच चहाडी केल्यासारखा त्याच्याकडे बघायचा. तोवर ही सगळी मंडळी स्वयंपाकघरात बसायची. बसलेल्या माणसाला बर्डी काही न देता कशी राहील? ती सफरचंदाचं सारण भरून भाजलेला पाय कापायची, कॉफी ओतायची. मर्विनने तर एका संध्याकाळी तीन तुकडे हाणले. त्याची स्वतःची दुसरी बंदूक आदल्या आठवड्यातच नावावर झाली होती.

"तू कशाला आलायस?" एल्वुडने विचारलं.

"भावाला सोबत म्हणून," मर्विन म्हणाला. भाऊ चांगला पन्नाशीचा होता.

शेवटी बर्डीने फ्रिजवर चिठ्ठी डकवली : पाय आणि कॉफी आठ डॉलर. आणि गंमत बघा, एकानेही हूं की चूं केलं नाही. कागदांचे दहा देताना कपाळाला आठ्या घालणारे लोक पायचे आठ हसत हसत द्यायचे, वर बक्षिशीच्या बरणीत एखादं नाणंही टाकायचे.

मग एका सकाळी बर्डी रोझेलाच्या दुकानात आली. अंगात कोट होता, कोटाखाली ॲप्रन तसाच.

"सरकारची तपासनीस येतेय. पुढच्या मंगळवारी," ती म्हणाली. "एल्वुडने जेवण सोडलंय. तुला बोलवायची त्याला लाज वाटते, म्हणून मी आले. मलाही वाटते, पण मला घरात जेवणाचं टेबल हवंय."

रोझेलाला म्हणावंसं वाटलं की दहा डॉलरमध्ये एवढंच मिळतं. ओठावर आलं होतं. पण बर्डीच्या कोपराला पीठ लागलेलं दिसलं आणि तिने गपचूप दुकानाला कुलूप लावलं.

एल्वुडच्या स्वयंपाकघरात बसून तिने त्याचे कागद एकेक करून चाळले. जिल्ह्याचं नाव लिहायच्या जागी एकाने 'अमेरिका' लिहिलं होतं. एकाने सहीच्या जागी तारीख आणि तारखेच्या जागी वजन. दोघांनी तर स्वतःवरच गुन्हे दाखल असल्याच्या चौकटीत खूण केली होती, कारण चष्मे घरी राहिले होते.

"हे तू वाचलं नाहीस?"

"सरकारने होकार दिला ना," एल्वुड पुटपुटला. "शिवाय लोक बोलत असायचे गं. आपण ऐकायचं की वाचायचं?"

"वाचायचं. त्याचेच घेते मी चाळीस."

एल्वुड मान खाली घालून बसला. मग हळूच म्हणाला, "तुला आधी सांगायला हवं होतं मी. तुझ्या दारापर्यंत आलोही होतो दोनदा."

"मग?"

"हार्लनची टोपी खुंटीला दिसायची."

रोझेलाने कॉफीचा कप त्याच्याकडे सरकवला आणि फोन उचलला. चुकलेल्या प्रत्येकाला परत बोलवावं लागलं, चूक ज्याची त्यानेच दुरुस्त करून सही करायची म्हणून. सगळे तत्परतेने आले. तपासनिसाच्या भीतीने आले असं एल्वुडला वाटलं. ते ओव्हनकडे बघत होते.

मंगळवारी तपासनीस बाई आल्या, दुरुस्त्या बघून एल्वुडला चार शब्द सुनावले आणि तंबी देऊन निघाल्या. पाय मात्र त्यांनी घेतला नाही; नियमात बसत नाही म्हणाल्या. एल्वुडचा परवाना वाचला याच्या आनंदापेक्षा बर्डीला त्या नकाराचंच दुःख जास्त.

नाताळच्या आत एल्वुडने परवाना आपण होऊन परत केला आणि तो आठवड्यातून तीन दिवस रोझेलाच्या काउंटरमागे बसू लागला. खोकी उतरवायला त्याच्यासारखा हात नव्हता. कागद वाचायचे रोझेलाने. बर्डीचे सफरचंदाचे पायही दुकानात विकायला आले. गावात आता दुसरं कुणी नाही म्हटल्यावर रोझेला साठ करणार, अशी सगळ्यांची खात्री होती.

तिने पस्तीस केले. तिचं तिलाच पटलं होतं की चाळीसमधले पाच कामाचे नव्हते, रागाचे होते. लोक लांबून माल मागवतात याचा दंड.

मर्विन नवीन खोकं न्यायला आला.

"पस्तीस?" त्याने पाटी वाचून विचारलं. "आणि पाय?"

"पायचे वेगळे आठ."

"म्हणजे त्रेचाळीस. महागच झालं की."

"मर्विन, खरं सांग. किती घेतले तर तू कुरकुर करणार नाहीस?"

मर्विनने प्रामाणिकपणे विचार केला. एल्वुडही कागद सोडून ऐकू लागला.

"फुकट दिलंस तरी करीन," तो म्हणाला. "पण मनातल्या मनात."

रोझेलाने पेन पुढे केलं. "चष्मा लाव आणि जिल्हा नीट लिही."