पेडलाचं माप

रत्नमाला सिस्टरांचा डावा पाय क्लचच्या पेडलाला टेकला खरा. पण क्लच पुरता दाबायला जे शेवटचं अंतर लागतं, तिथं तो थांबला. सीट पुढं सरकवून संपली होती. पाठीशी उशी घेतली, तर स्टिअरिंग छातीला लागलं. त्यांनी तीनदा प्रयत्न केला आणि मग, परक्याच्या घरात चुकून शिरलेलं माणूस जसं मागं फिरतं, तशा हलकेच फियाटमधून उतरल्या.

“वय झालं रे प्रणय. पाय आखडले,” त्या म्हणाल्या. “अडतीस वर्षं हीच गाडी चालवली, असं कधी झालं नाय. इंजिन नवं घातलंस, आता बाई पण नवी घाल.”

प्रणय हसला. पुढचे कित्येक दिवस त्याला स्वतःचं ते हसणं आठवत राहायचं होतं. कारण हसतानाच त्याला कळलं होतं की सिस्टरांचे पाय आखडलेले नाहीत.

“सम्यकला फोन करते,” त्या निघताना म्हणाल्या. सम्यक म्हणजे पुण्याचा भाचा. “रविवारी येऊन घेऊन जाईल. गाडी चालवणाऱ्या माणसाकडं असावी.”

चिकलठाण्याच्या त्या गॅरेजात फियाट अडीच महिने उभी होती. तिचं जुनं इंजिन थकलं होतं, म्हणून रीतसर परवानगी काढून एका अलीकडच्या छोट्या गाडीचं इंजिन तिच्यात बसवायचं ठरलं. इंजिन बसायला फार वेळ लागला नाही; प्रणयला दमवलं ते पेडलांनी. जुन्या इंजिनाला रेस सळयांच्या जोडणीतून मिळायची. नव्याला तार हवी होती. क्लचचंही तेच. त्यानं पत्र्याला भोकं पाडली, तारांसाठी ब्रॅकेट घडवले, पेडल किती दाबलं की तार किती ओढली जाते याचा हिशेब पुन्हा पुन्हा जुळवला. तेव्हा तिन्ही पेडलांवर वेल्डिंगनं चढवलेले लोखंडाचे जाड ठोकळे त्याला दिसले. गंजलेले, ओबडधोबड. कुण्या अडाण्याचं ठिगळकाम, असं समजून त्यानं ग्राइंडर लावला. ठिणग्या उडाल्या आणि पेडलं स्वच्छ झाली. मग तो स्वतः गाडीत बसला. त्याच्या लांब पायांना सगळं अगदी नेमकं जुळत होतं.

त्या पंधरवड्यात त्याचे उस्ताद बन्सीमामा वैजापूरला लेकीकडं होते. ते परतले, तेव्हा प्रणयनं खाली बघत सगळं सांगितलं.

“कापले? तिन्ही?”

“व्हय.”

बन्सीमामा खुर्चीत मागं रेलले. “लेका, ते मीच बसवले होते. सिस्टरांच्या मालकांनी, धम्मपाल साहेबांनी बसवून घेतले होते, गाडी घरी न्यायच्या आदल्या दिवशी. म्हणाले, ‘बन्सी, आमच्या सिस्टरला गाडी शिकायचीय. पाय पुरला नाय, तर शिकायच्या आधीच सोडून देईल. अन् तुझ्यासाठी उंच केलंय म्हणून सांगितलं, तर बसायचीसुद्धा नाय. तू कुणाला बोलायचं नाय.’ आजवर बोललो नाय. साहेबांच्या मयतीतबी बोललो नाय.”

“मग आता?”

“आता काय? गपचिप परत लाव. म्हणायचं, तार ढिली होती. तुझंबी झाकलं, साहेबांचंबी झाकलं.”

हा सल्ला इतका मायेचा होता की प्रणयला त्याच्या आडोशाला बसून राहावंसं वाटलं. पण दिवसभर हात काम करत राहिले आणि मन तिथंच अडखळत राहिलं. धम्मपाल साहेबांच्या गप्प राहण्यानं एक बाई गाडी शिकली होती. त्याच्या स्वतःच्या गप्प राहण्यानं ती म्हातारी झाली होती. तरीही शनिवारी भावसिंगपुऱ्यात सिस्टरांच्या दारात उभा राहिला, तेव्हा त्याच्या ओठांवर ढिल्या तारेचंच वाक्य होतं.

दार उघडलं. सिस्टरांच्या हातात काठी होती.

“बघतोस काय? कालच आणली गुलमंडीतून. परवापर्यंत गच्चीवर पापड वाळवायला जात होते. आता वाटतं, नको. पायांनी सांगितलं, ऐकायला पाहिजे.”

ढिल्या तारेचं वाक्य तिथंच विरलं.

“सिस्टर, तुमच्या पायांना काही झालेलं नाही. मी पेडलं कापली.”

“कापली म्हणजे?”

“पेडलांवर ठोकळे होते. मला वाटलं, कुणीतरी अडाण्यासारखं काम केलंय. न विचारता कापून टाकले.”

“आणि त्या दिवशी, मी तुझ्यासमोर तीनदा पाय ताणला, तेव्हा तुला ठाऊक होतं?”

“तेव्हाच लक्षात आलं होतं.”

सिस्टरांनी त्याच्याकडं असं पाहिलं की त्यानं नजर चौकटीवर नेऊन ठेवली. मग त्यांनी तोच प्रश्न विचारला, जो त्या विचारणारच होत्या. “ठोकळे बसवले कुणी होते?”

खोटं बोलायला एक क्षण होता. तो गेला. प्रणयनं बन्सीमामांकडून ऐकलेलं सगळं सांगितलं.

सिस्टरांनी काठी भिंतीला टेकवली. ती घसरून फरशीवर पडली. कुणी उचलली नाही.

“मनकर्णा म्हणून होती,” त्या म्हणाल्या. “शेंद्र्याच्या दवाखान्यात माझ्यासोबत नर्स. माझ्याएवढीच, पाच फुटांच्या आत. सरकारी जीप शिकायला निघाली. पाय पुरेना. मी सगळ्या स्टाफसमोर म्हणाले, ‘पाय नाय गं, तुझा जीव आखूड आहे. मला बघ.’” त्यांनी स्वतःच्या पायांकडं पाहिलं. “मला बघ, म्हणाले मी. लई हसले सगळे. तिनं पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही.”

“माझं चुकलं, सिस्टर. सांगायला नको होतं.”

“चुकलंच तुझं. पण सांगितलंस ते नाही. आणि बरं केलंस सांगितलंस, असंही मी आज म्हणणार नाही.” त्यांनी भिंतीवरच्या नवऱ्याच्या फोटोकडं पाहिलं. “हे असते, तर यांच्याशी कडाकडा भांडले असते. आता कुणाशी भांडू? बस खाली. तुझ्याशीच भांडते.”

तो आत येऊन फरशीवर बसला.

“गाडी माझी, पाय माझे, आणि माप घ्यायचं तर मीच नको! आधी दोघांनी परस्पर ठरवलं. मग तू तिसरा, तूही परस्परच. एकालाही वाटलं नाही, हिला विचारावं? मी एवढी मोडणारी होते का रे?”

सिस्टर बोलत राहिल्या. कधी त्याला, कधी फोटोला. मध्येच त्यांचा आवाज फुटला, तेव्हा तो पाणी आणायला उठू लागला. “बस म्हटलं ना,” त्या म्हणाल्या. तो पुन्हा बसला. शिक्षा मिळाली की ओझं हलकं होतं, असं त्यानं ऐकलं होतं. त्याचं होत नव्हतं. एका बाईला तिचे पाय परत देताना त्यानं तिच्या तरुणपणातलं काहीतरी काढून घेतलं होतं, आणि मनकर्णा नावाच्या एका अनोळखी बाईचं हसं आता त्याच्याही छातीत येऊन बसलं होतं.

शेवटी सिस्टरांनी डोळे पुसले आणि फोन उचलला. “सम्यक, उद्या येऊ नकोस. गाडी मला लागणार आहे. का ते नंतर सांगते.” मग प्रणयकडं वळल्या. “सकाळी नवाला येते. मी बसल्यावर माप घ्यायचं. माझ्यादेखत.”

रविवारी नवाला त्या रिक्षानं आल्या. बन्सीमामा खुर्चीतून उठून उभे राहिले. सिस्टर त्यांच्यासमोरून सरळ पुढं गेल्या. त्या फियाटमध्ये बसल्या, सीट नेहमीच्या जागी घेतली आणि डावा पाय पुढं केला. प्रणय दाराशी गुडघ्यांवर बसला आणि टेप लावली.

“पावणेदोन,” तो पुटपुटला.

“मोठ्यानं सांग. त्यांनाही ऐकू जाऊ दे.”

बन्सीमामांनी मान खाली घातली. प्रणयनं टेप पुन्हा एकदा लावून पाहिली.

“पावणेदोन इंच कमी पडतात, सिस्टर.”