परत बोलावलेली सीट

मित्रांनो, मी एक जुनी कार सीट आहे. मोटारीत लहान मुलांना पट्ट्यांनी बांधून बसवतात ना, ती. जुनी झाले ती वापराने. वयाने मी अजून लहानच आहे. मिशिगनमधल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. राखाडी कापड, जाड पट्टे आणि मधोमध लाल बटणाचे बक्कल असे माझे रूप होते. मला बनवणाऱ्या कंपनीचे प्रमुख हेमचंद्रकाका मराठीच. तिथल्याच नोव्हाय गावच्या मराठी मंडळात त्यांना सगळे ओळखत. म्हणून त्याच मंडळातल्या नेत्राने दुकानात दुसऱ्या सीटकडे पाहिलेसुद्धा नाही.

"काकांच्या कंपनीची आहे. टेन्शनच नाही," ती नवऱ्याला, शंतनूला, म्हणाली.

त्यांची छोटी आरोही माझ्यात बसू लागली. बिस्किटाचा चुरा सांडायची, गाणे म्हणता म्हणता झोपी जायची. तिचे डोके माझ्या कुशीत कलंडले की मला फार बरे वाटे.

पण उन्हाळा लागला आणि माझ्या बक्कलातली बारीक स्प्रिंग सैल पडू लागली. बाहेर 'टक्' असा आवाज येई, आत मात्र काही अडकलेले नसे. मला ते कळे, पण सांगता येत नसे. गाडी सुरू झाली की माझा जीव टांगणीला लागे.

जूनमधल्या एका संध्याकाळी हायवेवर पुढच्या ट्रकने अचानक ब्रेक मारला. शंतनूनेही कचकन गाडी थांबवली. माझे बक्कल सुटले. आरोही पुढच्या सीटच्या पाठीवर आदळली. तिच्या कपाळाला खोक पडली, टाके घालावे लागले.

"तू बक्कल नीट लावलं होतंस ना?" हॉस्पिटलमधून परतताना नेत्राने विचारले.

"लावलं होतं गं. आवाज ऐकला मी."

"मग सुटलं कसं?"

त्यानंतर शंतनू बक्कल लावून पुन्हा पुन्हा ओढून पाही. तरी नेत्रा उतरून एकदा तपासायचीच. हळूहळू त्याने आरोहीला एकट्याने कुठे नेणे सोडून दिले. मित्रांनो, दोष माझ्यात होता आणि तो बिचारा स्वतःला खात होता.

पानगळ सुरू झाली तेव्हा फोनवर हेमचंद्रकाकांचा व्हिडिओ आला. इंग्रजीत सांगून झाल्यावर ते मंडळींसाठी मराठीतही बोलले.

"बक्कलमध्ये दोष आहे. तो आमचा आहे, आईवडिलांचा नाही. पहिली तक्रार मला मार्चमध्ये कळली होती. मी आणखी टेस्ट्सची वाट पाहत बसलो, ते चुकलं. आजपासून ही सीट वापरू नका. आम्ही सगळ्या परत घेतोय."

शंतनूने गॅरेजमध्ये तो व्हिडिओ पुन्हा लावून नेत्राला ऐकवला. "सॉरी," नेत्रा हलकेच म्हणाली. त्याने मला गाडीतून सोडवले.

मग मंडळाच्या ग्रुपवर मेसेजचा पाऊस पडला. काहींनी काकांच्या धाडसाचे कौतुक केले. वकिलांनीच लिहून दिले असेल, असे काहींनी ठरवून टाकले. शेजारच्या नीलाकाकू नातवाला माझ्यासारख्याच सीटवर बसवून न्यायच्या. त्या नेत्राला म्हणाल्या, "किती प्रामाणिक माणूस! स्वतःहून सांगतोय म्हणजे एवढं सीरियस नसेल गं. बघू सावकाश."

मी हादरले. कौतुक करणारे काय आणि शंका घेणारे काय, दोघांच्याही गाड्यांत माझ्या बहिणी होत्या तिथेच होत्या!

रविवारी मराठी शाळेच्या पार्किंगमध्ये हेमचंद्रकाका स्वतः थंडीत उभे राहून सीटा गोळा करत होते. एका हाताने आरोहीला धरून शंतनूने मला त्यांच्यासमोर ठेवले.

"काका, जूनमध्ये हिला टाके पडले. तुम्हाला मार्चमध्ये माहीत होतं."

काकांनी आरोहीच्या कपाळावरचा व्रण पाहिला.

"हो. माहीत होतं."

"आणि लोक तुम्हाला ऑनेस्ट म्हणतायत."

"म्हणू देत. तू म्हणू नकोस, शंतनू. मी उशीर केला."

नीलाकाकू मागेच उभ्या होत्या. त्या आपल्या गाडीकडे वळल्या आणि सीट सोडवू लागल्या.

काकांनी नवी सीट पुढे केली. "नको. आम्ही दुसऱ्या कंपनीची घेतली," शंतनू म्हणाला. काकांनी ती मागे घेतली. मला पुन्हा कुणी वापरू नये म्हणून ते कात्रीने माझे पट्टे कापू लागले. पण जाड पट्टा ताणल्याशिवाय कात्री चालेना. तेव्हा शंतनूने खाली वाकून दुसरे टोक घट्ट धरले.

मित्रांनो, आता मी इथे ढिगात पडून आहे. माझी कीव करू नका. कुणी आपली चूक कबूल केली तर त्याला शाबासकी द्या, राग आला तर रागवा. ते तुम्ही ठरवा. पण त्याआधी गाडीचे दार उघडा आणि लेकराला उतरवून घ्या. माझ्या कितीतरी बहिणी अजून रस्त्यावर धावत आहेत.