वंगणचा गुडघा

लिफ्ट तपासनिसांच्या संघटनेत सभासदांचा उत्साह टिकवायचं काम जिच्याकडे होतं, तिला ऑफिसात सगळे मेंबरबाई म्हणत. टिकवायला आधी उत्साह असायला नको का? लोक सभासद व्हायचे ते प्रमाणपत्र भिंतीवर टांगायला. पुढे संघटना जगली काय नि मेली काय, कुणाला त्याचं सोयरसुतक नसे.

तीन वर्षांपूर्वी वेबसाइटवर चर्चेचं पान सुरू झालं. टोपणनाव घ्यावं, कामातली अडचण विचारावी, इतरांनी उत्तर द्यावं. महिनाभर तिथे चिटपाखरू फिरकलं नाही. “बाई, पान हलतं दिसलं पाहिजे. कसं ते तुम्ही बघा,” सचिव म्हणाले. तिने बघितलं. ‘वंगण’ या नावाने प्रश्न टाकला, लिफ्टला तोलणाऱ्या वजनाचं नाव घेऊन, ‘काउंटरवेट’ होऊन उत्तर दिलं आणि ‘चौथा मजला’ होऊन दोघांची टर उडवली. कपाटातली जुनी पुस्तकं चाळून ब्रेकची घरघर, दोरांची झीज असे विषय काढले. सचिव खूश झाले.

मग ‘तळमजला’ आला. तो मात्र खराखुरा होता. निवृत्त तपासनीस, बायको गेलेली, मुलगी दूर देशी. पहिल्या आठवड्यात तो ब्रेकबद्दल बोलला, दुसऱ्या आठवड्यात झोप लागत नाही म्हणाला. इथे मेंबरबाई चुकली. वंगणने लिहिलं की माझाही गुडघा ठणकतो, मीही जागाच असतो. काउंटरवेटने शेक घ्यायला सांगितलं. चौथ्या मजल्याने दोघा म्हाताऱ्यांची खिल्ली उडवली. तेव्हापासून रोज सकाळी नऊच्या ठोक्याला तळमजला हजर. मेंबरबाईच्या घरी भाऊ-वहिनी जेवताना आपापल्या फोनात डोकं खुपसून बसत. दिवसाकाठी ती काय बोलायची ते इथेच, तिघांच्या तोंडून.

वार्षिक मेळावा जवळ आला आणि तळमजल्याने लिहिलं, ‘मी येतोय. तिघांनी यायचंच. तुमच्याशिवाय मला आहे कोण?’ तिघे नाहीतच, असं तिने चारदा लिहिलं आणि चारदा पुसलं. एवढ्याच आधारावर उभा असलेला माणूस, तो आधार काढून घ्यायचा कसा? शेवटी वंगणने लिहिलं, ‘बघतो, जमवतो.’

मेळाव्याला तळमजला इस्त्रीचा शर्ट घालून सगळ्यांच्या आधी आला. दाराजवळ बसला. शेजारच्या तीन खुर्च्यांवर रुमाल, पेपर आणि पिशवी ठेवून त्याने जागा धरल्या. भाषणं झाली, जेवणं झाली. कामगार खुर्च्या एकात एक घालू लागले तरी त्या तीन खुर्च्यांना तो हात लावू देईना. मेंबरबाई चहा घेऊन गेली.

“एकही आला नाही हो,” तो म्हणाला.

“अडचण आली असेल, काका.”

“तिघांनाही?”

काका, ते तिघे मीच. शब्द अगदी ओठांवर आले होते. तेवढ्यात त्याने पिशवीतून गुडघ्याला बांधायचा नवाकोरा पट्टा काढला.

“वंगणला पोचवाल? मापाचा आपला अंदाज आहे.”

तिने पट्टा घेतला. आता कुठल्या तोंडाने सांगणार?

“तुम्ही जेवलात का?” त्याने विचारलं.

“हो,” ती म्हणाली. ती जेवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी नऊला पानावर त्याचा मजकूर आला. ‘तुमचा राग आला होता. जाऊ दे, अडचणी असतात. पण त्या ऑफिसातल्या बाई आहेत ना, त्यांना कुणी नाही वाटतं. दिवसभर राबत होत्या, पण दोन शब्द कुणी बोललं नाही. वंगण, त्यांना एक फोन कर. नुसतं कशा आहात विचार.’

तीन वर्षांत ‘कशी आहेस’ हे तिला कुणी विचारलं होतं, ते आठवेना. वंगणने लिहिलं, ‘करतो.’

पुढच्या सकाळी पुन्हा नऊला, ‘केलास फोन?’

‘केला.’

‘काय म्हणाल्या?’

तिला रडू फुटलं. डोळे पुसत तिने लिहिलं, ‘बऱ्या आहेत म्हणाल्या.’

‘आणि तुझा विश्वास बसला?’ तळमजल्याने विचारलं.