झापामागची भिंत

"ह्यो हसता खंय गो?" बाबलीकाकांनी खालून विचारलं.

अक्षया शिडीच्या वरच्या पायरीवर उभी होती. कपाळावरचा घाम कोपराने पुसायला गेली आणि निळा रंग भुवईला लागला. भिंतीवर नुकताच पुरा झालेला डॉल्फिन लाटेतून वर उसळला होता. मागे सूर्य मावळत होता आणि एक माड उगाचच वाकला होता. माड वाकलेलाच हवा, असं काकांनी आधी बजावून ठेवलं होतं.

"काका, डॉल्फिन हसणा नाय."

"हसणा नाय कसो? सर्वेशाच्या भिंतीर हसता. पावणे तेच्याच बाजूक उभे रवान फोटो काढतत."

"तो पण मीच काढलंय."

"मगे? तेचो हसतो आणि माझो रडको? मी काय वायट केलंय तुझा?"

अक्षयाने निमूटपणे ब्रश बुडवला आणि डॉल्फिनच्या तोंडाचा कोपरा वर ओढला. डॉल्फिन हसला. काकाही हसले. "बघ! एवढा शिकान इलंस, तुका काय कठीण?"

एवढं शिकून आली होती खरी. कोल्हापुरात चित्रकलेची पदवी घेऊन, वर्गात पहिली वगैरे येऊन ती देवबागला परतली, तेव्हा गावाला वाटलं, बरं झालं, आता बोर्ड रंगवायला मालवणला जायला नको. तेव्हापासून तिने काय काय रंगवलं, ते तिलाही आठवत नसे. होड्यांची नावं झाली, 'येथे घरगुती जेवण मिळेल' झालं, 'समुद्रात खोल जाऊ नये' झालं. लग्नाळू मुलींचे मेंदीचे हात झाले. आणि डॉल्फिन तर इतके, की समुद्रात असतील त्याहून जास्त देवबागच्या भिंतींवर झाले. पर्यटकांना खरे डॉल्फिन दिसोत न दिसोत, भिंतीवरचे मात्र दिवसभर हसत हजर.

तिला हे काम कमी वाटत होतं असं नाही. कंटाळा आला होता. कंटाळ्याच्याही पलीकडचं काहीतरी, हात आपला असून दुसऱ्याच्या खांद्याला लावल्यासारखं.

सारिका, तिची कॉलेजातली मैत्रीण, पणजीत भिंतचित्रं करणाऱ्या एका गटात होती. तिथे जूनपासून मोठं काम निघणार होतं आणि एक माणूस हवा होता. सारिकाने स्पष्ट सांगितलं होतं, "आमच्या सरांना एक भिंत दाखव. तुझी स्वतःची. डॉल्फिन पाठवलास तर मी तुला ओळखत नाही म्हणून सांगेन."

स्वतःची भिंत. घर स्वतःचं होतं, पण भिंत मिळणं सोपं नव्हतं. दर्शनी भिंतीवर होमस्टेचं नाव होतं, बाजूच्या भिंतीवर तिचा पहिलावहिला डॉल्फिन. राहिली स्वयंपाकघराची मागची, समुद्राकडे तोंड केलेली भिंत. तिच्यावर हंगामभर बाबांच्या बोटीची लाइफ जॅकेटं वाळत टांगलेली असत. मे संपता संपता बोटी बंद होतात, जॅकेटं उतरतात. मग लगेच पावसापासून भिंत वाचवायला नारळाच्या विणलेल्या झावळ्यांचे झाप लागतात, वळचणीपासून जमिनीपर्यंत. ते निघतात दसऱ्याला. म्हणजे त्या भिंतीला वर्षातून मोकळा श्वास मिळे तो बोटी बंद होण्याच्या आणि झाप लागण्याच्या मधल्या चार दिवसांत. बाबा म्हणाले होते, "जॅकेटा उतरली काय ती भिंत तुझी." त्या चार दिवसांसाठी अक्षया अख्खा उन्हाळा डॉल्फिन हसवत बसली होती.

काय काढायचं ते ठरलेलं होतं. आई.

आईचं माहेरचं नाव किशोरी. पण नवऱ्याचं नाव सत्यवान निघाल्यावर सासरच्यांना दुसरं नाव सुचणं शक्यच नव्हतं. तेव्हापासून ती सावित्री. पुराणातली सावित्री यमाच्या मागे एकदाच गेली, हिला रोज पाहुण्यांच्या मागे धावावं लागे. ती बसायची फक्त मासळी कापताना. मागच्या दारी आडाळ्यावर, म्हणजे आपल्या विळीवर, एक पाय दुमडून, गाउनवर टॉवेल टाकून. तीच बसणी अक्षयाला भिंतीवर हवी होती, खऱ्याहून मोठी. आईच्या हातात सुरमई, आणि मांजर वाट बघत बसलेलं.

जॅकेटं उतरली त्या सकाळीच तिने कोळशाने रेघा मारल्या. आई मागच्या दाराने राख टाकायला आली आणि थबकली.

"ह्या मी?"

"हो."

"गाउनात काढतंस? आणि ती भिंत अख्ख्या जगाक दाखवतलंस? मेले, साडी तरी नेसव."

"आये, तू मासे साडी नेसून कापतंस?"

"मगे मासे कित्याक काढतंस? देवळातली काढ माका." असं म्हणून ती आत गेली. कुकरची शिट्टी झाली होती.

भिंतीवरच्या गाउनला निळा रंग लागला, डॉल्फिनचाच उरलेला. सावल्याही त्याच निळ्याच्या. हात तर अक्षयाला पाठ होते. मनगटावरच्या बांगड्यांत अडकवलेली सेफ्टी पिन, अंगठ्यावरचा जुना काप, सगळं भराभर उतरत गेलं. इतक्या महिन्यांनी हात पुन्हा तिचा झाला होता. तेवढ्यात बाबलीकाका कुंपणापाशी आले. डॉल्फिन हसतोय खरा, पण दात नाहीत. पाहुण्यांची पोरं विचारतात. अर्धा दिवस दातांत गेला.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या तेजस्वीचं रुखवत. तिच्या आईने घरी येऊन हात धरला, नाही कसं म्हणणार? रुखवतात नारळांचे नवरा-नवरी लागतात. अक्षयाने दुपारभर बसून नारळांना डोळे काढले, नाकं काढली, नवरीला लाजवलं, नवऱ्याला मिशी दिली. इकडे भिंतीवर आई बिनचेहऱ्याची बसून होती.

चेहराच तेवढा राहिला होता. मासळी कापताना आईची मान खाली असते, आणि अक्षयाला तो खाली घातलेला चेहरा नको होता. त्या बसणीतून मान वर करून समोर बघणारी आई तिला हवी होती. तशी आई तिने कधी बघितलीच नव्हती, त्यामुळे मनाने काढता येईना. तिसऱ्या दिवशी तिने फोनमध्ये फोटो शोधले. सगळ्यांत आई कुणाला तरी वाढत होती.

"आये, जरा बस माझ्या समोर. चहा पिता पिता बस."

"बसतंय. भात उतरून येतंय."

भात उतरला, मग आमटी चढली. पुण्याचे शेवटचे पाहुणे निघायचे ते हवा छान आहे म्हणून राहिले. त्यांना सोलकढी आणखी हवी होती, मुलाला तिखट नको होतं, आजोबांना फुलकेच हवे होते. अक्षयालाही ब्रश धुऊन वाढायला उभं राहावं लागलं. त्यांच्यातल्या एका बाईंनी मागे जाऊन भिंत बघितली आणि कौतुकाने म्हणाल्या, "छान आहे हं! पण डॉल्फिन काढला असता तर आम्हाला फोटो घेता आला असता." अक्षयाच्या हातात सोलकढीचं भांडं होतं. ते तिने सांडलं नाही, एवढंच.

संध्याकाळी ती आईवर उखडली. "सगळ्यांसाठी तुका वेळ आसा. माझ्याकडे बसूक तेवढो नाय!"

आई ताटं घासत होती. "माका खंय वेळ आसा, ता सांग. मी आत्ताच्या आत्ता थंय जावन बसतंय."

अक्षया आणखीच चिडली, आणि घासलेली ताटं पुसायला बसली.

चौथ्या दिवशी जाग आली ती झावळ्यांच्या सळसळीने. मागच्या दारी बाबा आणि बाबलीकाका वळचणीखाली बांबू बांधत होते. झाप जमिनीवर रचलेले.

"बाबा! आजचो एक दिस रवा!"

"वारो रवता काय?" बाबांनी समुद्राकडे हनुवटी केली. वारा खरंच फिरला होता. माड उलट्या बाजूला झुकले होते. "गेल्या वर्षी उशीर केलंय तर भिंतीचो गिलावो सुटलो. आता तर वर तुझो रंग आसा. तुझाच चित्र वाचवतंय, बाय."

बाबांचं खरं होतं. तीच तर अडचण होती. तिला रडू येत नव्हतं, राग येत होता, आणि तो काढायला कुणी सापडत नव्हतं. वाऱ्याशी भांडणार? बाबांशी? आमटीशी?

बाबलीकाकांनी सुतळी दातात धरून भिंतीकडे बघितलं. "सावित्री वैनी मां ह्या? तोंड नाय तरी वळाखलंय. बसणी तीच."

अक्षयाने घाईघाईने फोनवर एक फोटो काढून घेतला. मग एकेक झाप चढत गेला. आधी मांजर गेलं, मग सुरमई, मग आईचे हात.

झाप बांधून झाल्यावर बाबा नेहमीप्रमाणे सरपणाची मोळी घेऊन आले. भिंत आणि झाप यांच्यामध्ये दीड-दोन हातांची बोळ राहते. पावसाळाभर लाकडं तिथेच रचतात.

"लाकडा थंय नको," आई आतूनच म्हणाली. "पडवीत रचा."

"पडवीत पावणे बसतत."

"पावसात खंयचे पावणे?"

दुपारी सारिकाचा फोन आला. "सर उद्या बाहेरगावी जातायत. संध्याकाळपर्यंत पाठव काय ते."

"चेहरा राहिलाय गं. आणि भिंत झाकली."

"आहे तसा पाठव बघू."

अक्षयाने तो सकाळचा फोटो पाठवला, फक्त सारिकाला. क्षणात फोन परत वाजला. "अगं, हे भारी आहे! चेहरा नाही तेच भारी आहे. राबणारी बाई, चेहरा नसलेली. दोन ओळी मी लिहून देते खाली. सर खूश होतील."

"पण मी तो ठेवलेला नाही असा. राहून गेलाय."

"कोणाला कळणार आहे? अक्षया, वेड्यासारखं करू नकोस. तू हो म्हण, मी पुढे पाठवते."

"थांब जरा. सांगते."

ती पायरीवर बसून राहिली. हो म्हणणं किती सोपं होतं! हो म्हटलं की पणजी. मोठ्या भिंती, रंगाचे डबे, आणि कुणी दात काढायला बोलावणार नाही. बाबलीकाकांनीही तर बिनचेहऱ्याच्या आईला ओळखलं होतं. तिने 'हो' लिहिलं. मग पुसलं. पुन्हा लिहिलं.

"काय गो, तोंड काढतलंस काय तसाच ठेवतलंस?"

आई समोर उभी होती. केस विंचरलेले, नवी टिकली, आणि गेल्या गणपतीतली हिरवी साडी. चित्रात गाउन होता. अक्षयाने 'हो' न पाठवताच फोन खिशात टाकला.

"चल," आई म्हणाली. "झापामागे जावया. थंय माका कोणी बघूचा नाय, आणि हाकय मारूचा नाय."

दोघी बोळीत शिरल्या. आई टोकाला पाटावर बसली, एक पाय दुमडून. झापांच्या विणीतून उजेडाच्या बारीक पट्ट्या तिच्या तोंडावर पडल्या होत्या. अक्षया भिंतीला जवळजवळ चिकटून उभी राहिली. मागे पाठ झावळ्यांना लागत होती.

"मान वर कर, आये. माझ्याकडे बघ."

आईने मान वर केली. आधी लाजली, मग इकडेतिकडे बघितलं, मग बघत राहिली. अक्षया काढत गेली. कपाळ, गालावरचा वांग, डोळ्यांखालचं काळं. आपल्या आईचे डोळे पिंगट आहेत, हे तिला आज कळलं. तिला स्वतःची लाज वाटली आणि मग तीही विसरून ती काढत राहिली.

"सावित्री! च्या ठेव गो!" घरातून बाबांची हाक आली.

आईचं तोंड सवयीने उघडलं. मग मिटलं.

"सावित्री! खंय गेली ही?"

"तू काढ," आई ओठ न हलवता म्हणाली.

उजेड पिवळा होईस्तोवर चेहरा पुरा झाला. अक्षयाने फोन काढला. भिंतीपासून लांब जायला जागाच नव्हती. फोनमध्ये एक डोळा मावला आणि अर्धं नाक. तिने फोन आडवा धरला, तिरका धरला, झापात पाठ खुपसून बघितली. तुकडे काढून जोडावेत तर हातापायांवरून उजेडाच्या पट्ट्याच पट्ट्या. जुना फोटो तेवढा होता, सपाट, स्वच्छ, बिनचेहऱ्याचा. तिने तो बघितला आणि भिंतीकडे बघितलं. आता तो फोटो उघड उघड खोटा होता. 'तो पुढे पाठवू नकोस. ती माझी आई आहे, तिला चेहरा आहे,' असं सारिकाला लिहून तिने फोन खिशात टाकला. पणजी गेली, हे तिला नीट कळत होतं.

आई गुडघ्यावर हात देऊन उठली. भिंतीसमोर उभी राहिली. वीतभर अंतरावरून तिला स्वतःचा गाल दिसत होता, फार तर एक कान.

"सगळी मी कशी दिसतंय गो?"

"माकाय आता दिसणा नाय. लांबून बघूक होया. दसऱ्याक झाप काढले काय बघूया."

झाप असले तरी दसऱ्यापर्यंत या भिंतीला ओलीने लोणा लागतो, रंग पोपडे धरतो, हे दोघींनाही माहीत होतं. आईने बोट पुढे केलं, रंग ओला असल्याचं लक्षात येऊन मागे घेतलं.

"नाक जरा बारीक जाला असता तर," ती म्हणाली. "पण बरा आसा."

बाबांची आणखी एक हाक आली. ओला रंग पुसू नये म्हणून आईने पदर पोटाशी घट्ट गोळा केला आणि अंग चोरून, भिंतीला कुठेही न लागता, आडवी आडवी चालत ती बोळीतून बाहेर गेली, चहा ठेवायला.