तोंड दोन बोटं वाढलं!

भिकाजीबाबांच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. मालवणहून रिक्षा भरभरून बायका आल्या होत्या, कारण बाबा म्हणे पोटुशा बाईचं 'तोंड' वाढवून देत!

रसिकाला बाविसावा आठवडा होता. मागच्या खेपेला पाचव्या महिन्यातच मूल गेलं, म्हणून यंदा डॉक्टर प्राजक्तांनी आतून सोनोग्राफी करून गर्भपिशवीचं तोंड मोजलं. लांबी भरली अठरा मिलिमीटर.

"पंचवीसच्या वर हवी होती. लवकर प्रसूत होण्याचा धोका आहे. रोज रात्री ही गोळी आत ठेवायची, आठवड्याने पुन्हा मोजू," त्या म्हणाल्या.

सासूबाई विमलांनी त्यातलं 'तोंड' आणि 'आखूड' एवढंच ऐकलं आणि सुनेला थेट इथे आणलं. बाबांना औषध चालत नाही म्हणून गोळ्या दोन दिवस कपाटात कुलूपबंद होत्या.

बाबांनी तीर्थाच्या बादलीतली ओली सुती दोरी तिच्या ओठांपासून बेंबीपर्यंत धरली, तिथेच कापली आणि डोळे गरगर फिरवले. "आखूड गो बाय, खूपच आखूड!"

मग धुपाच्या शेगडीवर दोरी नाचवत मंत्रांचा सपाटा लावला. दोरी पुन्हा लावली, तर बेंबीखाली दोन बोटं उतरली!

"तोंड वाढला!" बायका हरखल्या. विमला तर फुगडी घालायच्याच बाकी होत्या.

भीत भीत आलेल्या रसिकाला आता हसू आवरेना. "बाबानु, आखूड तोंड पिशयेचा आसा, माजा नाय! माजा वाढला तर सासूबाय माका घरात ठेवची नाय!"

अख्खं अंगण हसलं. तेवढ्यात तिने बादलीतली दुसरी दोरी उचलली, अंगणातल्या बाकड्याच्या लांबीइतकी कापली आणि शेगडीवर सुकवली. पुन्हा लावली, तर बाकडंही वाढलेलं!

"बाकड्यावर कृपा झाली," बाबा पुटपुटले.

"कृपा खंयची? पावसात कपड्यांची दोरी ताठ होता ना? पिळाचा सूत पाणी पिऊन फुगता, लांबीक कमी जाता. सुकला काय परत लांब!"

विमलांचं हसू मावळलं. "दोन दिस गोळी नाय," त्या म्हणाल्या, "चल गो, आदी डॉक्टराकडे."

प्राजक्तांनी पुन्हा मोजलं. "अठराच आहे. नशीब, कमी झालेलं नाही. आता एकही गोळी चुकवू नका."

विमला खुर्ची पुढे ओढून सोनोग्राफीच्या पडद्यापाशी बसल्या. "कसा मोजलात, ता माका दाखवा."

डॉक्टरांनी हसून पडदा त्यांच्याकडे वळवला. मंडळी, हाच प्रश्न बाबालाही विचारायचा असतो. आणि तो दाखवायला तयार नसेल, तर चपला घालून निघायचं.